‘माझी लायकी नाही’ ही नम्रता कुठवर?

ताई, जय ख्रिस्त.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या गावातल्या मंडळीला, म्हणजे चर्चला, स्वतःचे पाळक नाहीत. जे आहेत ते अनेक गावं सांभाळतात आणि तुमच्याकडे महिन्यातून एखाद्या रविवारी येतात. उरलेल्या रविवारी तुम्ही उपासना चालवावी आणि वचन सांगावं, असं पाळकीय समितीने तुम्हाला विचारलं. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता, वर्षानुवर्षं संडे स्कूल घेता, आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जाता. तरी तुम्ही नाही म्हणालात आणि पुन्हा विचारलं तेव्हाही नाहीच म्हणालात. तुमचं कारण असं: ‘माझी लायकी नाही. आमच्या घरात कधी कुणी व्यासपीठावर उभं राहिलं नाही. पुढे पुढे करणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.’ त्यावर कुणीतरी बायबलमधल्या योना संदेष्ट्याची गोष्ट काढली आणि देवाला नाही म्हणणाऱ्याला मासा गिळतो, असं बजावलं. तेव्हापासून तुमची झोप उडाली आहे. आता तुम्ही विचारता की हा नकार नम्रता आहे की आज्ञाभंग.

पाळकीय सेवेत आणि सेवेसाठी पुढे येणाऱ्यांशी बोलताना हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. तो विचारणारी माणसं बहुधा प्रामाणिक असतात, म्हणून उत्तर मोघम देणं बरोबर नाही. माझं मत असं: ‘माझी लायकी नाही’ हे वाक्य देवासमोर पहिल्यांदा उच्चारलं तर ते नम्रतेचं असू शकतं. पण नम्र माणूस ते बोलून झाल्यावर देव काय म्हणतो ते ऐकायला थांबतो. देवाचं उत्तर आल्यावरही आपलंच वाक्य शेवटचं ठरवायचं असेल, तर तिथे नम्रता संपलेली असते, मग शब्द कितीही नम्र असोत.

पण आधी त्या माशाचं बघू, कारण भीती मनात असताना बाकीचं काही ऐकू येत नाही.

योनाचं पुस्तक चारच अध्यायांचं आहे. आज एका बैठकीत सगळं वाचून काढा. देवाने निनवे या शत्रूच्या शहरात जायला सांगितलं असताना योना तार्शीशाला का पळाला, हे चौथ्या अध्यायात तो स्वतःच सांगतो. देव कृपाळू आणि दयाळू आहे, निनवेला क्षमा करील, हे त्याला ठाऊक होतं आणि तेच त्याला नको होतं. ‘मी लहान माणूस, मला जमणार नाही’ असं योना एकदाही म्हणत नाही. त्याचा नकार शत्रूच्या द्वेषातून आला होता. म्हणून संकोचाने मागे राहणाऱ्या माणसाच्या अंगावर योनाची गोष्ट टाकणं मला मुळातच चूक वाटतं. दुसरं म्हणजे त्या गोष्टीत मासा शिक्षा म्हणून येत नाही. बुडत चाललेल्या योनाला तो वाचवतो, आणि माशाच्या पोटातली योनाची प्रार्थना उपकारस्तुतीची आहे. पुढे तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी देवाचं वचन त्याच्याकडे दुसऱ्यांदा येतं, तेही जवळजवळ त्याच शब्दांत. तुम्ही दोनदा नाही म्हणालात म्हणून दार बंद झालं, असं त्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही. माशाच्या भीतीने होकार देणार असाल तर देऊ नका. तशा होकारावर उभी राहिलेली सेवा मी पाहिली आहे. ती करणाराही दमतो आणि ऐकणारेही दमतात.

तुमच्याशी खरं नातं आहे ते मोशेचं.

निर्गम या पुस्तकाचा तिसरा आणि चौथा अध्याय हळूहळू वाचा. मिसरच्या गुलामीतून आपल्या लोकांना सोडवायला देव मोशेला मिसरचा राजा फारो याच्याकडे पाठवतो. तेव्हा मोशे कितीदा मागे सरतो ते मोजा. पाचदा. पहिल्यांदा म्हणतो, फारोकडे जाणारा मी कोण? मग विचारतो, तुझं नाव काय म्हणून सांगू? मग म्हणतो, ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. चौथ्यांदा सांगतो की मी बोलका माणूस नाही, माझी जीभ जड आहे. या चारही वेळा देव रागावत नाही. प्रत्येक शंकेला उत्तर मिळतं, कधी वचन तर कधी चिन्ह. काठीचा साप होतो, हात कोडाने पांढरा होऊन पुन्हा बरा होतो, ‘तुझ्या मुखाला मी साहाय्य करीन’ असं आश्वासनही मिळतं. पाचव्यांदा मोशे काही विचारतच नाही. दुसऱ्या कुणालाही पाठव, एवढंच म्हणतो. आणि तिथे, चौदाव्या वचनात, परमेश्वराचा कोप भडकला असं लिहिलं आहे.

हा फरक मला फार मोलाचा वाटतो. शंका विचारली, कमकुवतपणा सांगितला, भीती कबूल केली म्हणून देवाला राग आला नाही. सगळ्या शंकांची उत्तरं मिळाल्यावरही मोशेने तोंड फिरवलं, तेव्हा राग आला. म्हणजे तुम्ही समितीला आणि देवाला ‘मला बोलता येत नाही, मला भीती वाटते’ असं हवं तितक्यांदा सांगू शकता. फक्त ते सांगताना उत्तर ऐकायची तयारी हवी.

आता ‘मी कोण?’ या पहिल्या प्रश्नाला देव काय म्हणतो ते बघा. ‘तू मोठा आहेस, राजवाड्यात वाढला आहेस, तुला मिसरची भाषा येते’ असं तो म्हणू शकला असता आणि ते खरंही होतं. स्तेफन प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात सांगतो की मोशे मिसरी लोकांच्या सर्व विद्येत शिकलेला होता आणि भाषणात पराक्रमी होता. देव यातलं काहीच काढत नाही. तो म्हणतो, खचीत मी तुझ्याबरोबर असेन. मोशेने स्वतःबद्दल प्रश्न विचारला आणि देवाने स्वतःबद्दल उत्तर दिलं. पुढे इस्राएलाला मिद्यानी लोकांपासून सोडवायला पाठवलेल्या गिदोनालाही हेच उत्तर मिळतं आणि यिर्मया संदेष्ट्यालाही. तिघेही आपली लायकी काढतात आणि देव तिघांशीही लायकीवर वाद घालत नाही. ‘मी तुझ्याबरोबर आहे’ एवढंच सांगतो. म्हणून मला वाटतं, आपण लायक आहोत की नाही याचा निकाल लावत बसणं हे मुळात पाचारणाच्या, म्हणजे देवाने सेवेसाठी बोलावण्याच्या, प्रश्नाचं उत्तरच नाही. तुम्ही लायक नाही हे मान्य. मीही नाही. पुढे?

मोशेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सुटू नये. चाळीस वर्षांपूर्वी त्याने आपल्या लोकांसाठी काहीतरी करायला हात उचलला होता. त्यात एक मिसरी मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी एका इब्री माणसानेच त्याला विचारलं, ‘तुला आमच्यावर अधिकारी आणि न्यायाधीश कोणी नेमलं?’ त्यानंतर तो मिद्यानात पळाला आणि मेंढरं राखत राहिला. आता ऐंशीव्या वर्षी तो ‘मी कोण?’ विचारतो, त्यात तो जुना घाव आहे असं मला दिसतं. बाहेरून जी नम्रता दिसते तिच्या आत पुष्कळदा असा एखादा घाव असतो. कधी कुणी हसलेलं असतं, कधी वडीलधाऱ्यांनी सभेत गप्प बसवलेलं असतं. ताई, तुम्हाला पूर्वी कुणी असं काही बोललं आहे का? असेल तर त्याला नम्रता हे नाव देऊ नका. घाव म्हणून तो देवापुढे न्या. त्याला वेगळी प्रार्थना लागते आणि वेगळा वेळही लागतो.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी सगळ्यात जास्त थांबलो: ‘आमच्या घरात कधी कुणी व्यासपीठावर उभं राहिलं नाही.’

तुमच्या घरची हकिकत मला माहीत नाही. पण आपल्या मराठी मंडळ्यांची माहीत आहे. अहमदनगर, जालना, सोलापूर या भागांत एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ताकडे आलेल्या कुटुंबांपैकी पुष्कळ कुटुंबं महार आणि मांग समाजातली होती. गावकुसाबाहेर राहणाऱ्या या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या एकच धडा दिला गेला होता: पायरी ओळखून राहा. बाप्तिस्मा झाला, आडनावं आणि शाळा मिळाल्या, तरी तो धडा एका दिवसात पुसला जात नाही. तो घरात राहतो आणि देवळात आल्यावर कधी कधी ख्रिस्ती नम्रतेचं नाव घेतो. बायकांच्या बाबतीत तर हा धडा दुहेरी असतो. तुम्ही म्हणता ‘माझी लायकी नाही.’ मी विचारतो, ही लायकी ठरवली कुणी? पवित्र आत्म्याने दाखवून दिलेलं पाप आणि गावाने शिकवलेली पायरी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे माणूस क्रूसाजवळ जातो, क्षमा मिळवतो आणि उभा राहतो. दुसरीमुळे तो आयुष्यभर दाराशीच बसतो.

गिदोन नेमका हेच म्हणाला होता. मनश्शेच्या वंशात माझं कूळ सगळ्यात दुबळं आणि बापाच्या घरात मी सगळ्यात लहान. तो त्या वेळी मिद्यानी लोकांच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता, आणि देवाच्या दूताने त्याला त्याच जागी ‘बलवान वीरा’ म्हणून हाक मारली. कुळाबद्दल त्याने जे सांगितलं ते देवाने खोटं ठरवलं नाही. ते कारण म्हणून मात्र स्वीकारलं नाही.

घराण्यात कुणी नव्हतं, शिक्षण नव्हतं, आणि तरी काम पूर्ण केलं, असं आपल्याच भाषेतलं एक उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं आहे. त्यांचा अडसर जातीचा नव्हता, बाईपणाचा आणि शिक्षणाचा होता. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. लिहिणं-वाचणं लग्नानंतर शिकल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले तेव्हा ख्रिस्ताच्या चरित्रावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. टिळकांसारख्या कवीचं काम आपण कसं हाती घ्यायचं, असं म्हणून त्या बाजूला राहिल्या असत्या तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी ते पूर्ण केलं.

इस्राएलाचा पहिला राजा शौल याची गोष्ट मी तरुण सेवकांना मुद्दाम वाचायला सांगतो, कारण ती भीतिदायक आहे आणि योनापेक्षा इथे जास्त लागू पडते. शमुवेल संदेष्टा त्याला प्रथम भेटला तेव्हा शौल म्हणाला, मी बन्यामिनी, सगळ्यात लहान वंशातला. निवड जाहीर व्हायच्या वेळी तो सापडेना. शोधलं तर सामानसुमानात लपलेला. किती विनयी माणूस, असं कुणालाही वाटेल. पण पाच अध्याय पुढे जा. अमालेकी लोकांवरच्या स्वारीत त्याने आज्ञा मोडली आणि कारण सांगितलं: मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं. लोक काय म्हणतील म्हणून जो सामानात लपला, तोच पुढे लोक काय म्हणतील म्हणून देवाविरुद्ध गेला. मूळ एकच होतं. लपलेला असताना ते कुणाला दिसलं नाही, गादीवर बसल्यावर दिसलं. म्हणून नकार देताना स्वतःला विचारावं की मी देवापुढे लहान आहे म्हणून थांबतोय, की माणसांपुढे फजिती होईल म्हणून. या दोन्हींना आपण बोलताना एकच शब्द वापरतो.

येशूचा शिष्य पेत्र याचं उदाहरण थोडक्यात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धूत होता, तेव्हा तो प्रभूला म्हणाला, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. याहून नम्र वाक्य कोणतं? तरी प्रभूने ते मान्य केलं नाही, कारण त्यात प्रभूने काय करावं आणि काय करू नये हे पेत्र ठरवत होता.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत उजेड देणारा अध्याय लूकच्या शुभवर्तमानाचा चौदावा वाटतो. एकाच जेवणाच्या पंगतीत प्रभू दोन गोष्टी सांगतो आणि आपण त्या नेहमी वेगवेगळ्या रविवारी वाचतो. पहिली: मेजवानीला गेलात तर मुख्य आसनावर बसू नका, शेवटच्या जागी बसा. दुसरी: एका माणसाने मोठी मेजवानी केली आणि बोलावलेल्यांनी एकामागून एक सबबी सांगितल्या. एकाने शेत घेतलं होतं, एकाने बैलांच्या जोड्या, एकाचं लग्न झालं होतं. आता या दोन्ही एकत्र ठेवून पाहा. पहिल्या दाखल्यात शेवटच्या जागी बसणाऱ्याला यजमान येऊन म्हणतो, ‘मित्रा, वर येऊन बस.’ तो उठतो आणि वर जातो. गोष्ट तिथे पुरी होते. शेवटची जागा निवडणं ही त्याची नम्रता. पण यजमान बोलावत असताना ‘नको, मी इथेच बरा’ म्हणून तो हटून बसला असता, तर पंगत कशी बसवायची हे पाहुणाच ठरवू लागला असता. मग त्याच्यात आणि शेताची सबब सांगणाऱ्यात फार अंतर उरलं नसतं. ताई, तुम्ही शेवटच्या जागी बसलात हे उत्तम केलंत. आता प्रश्न एवढाच आहे की वर बोलावणारा खरोखर यजमान आहे का.

तो आहे की नाही, हे ओळखायला वेळ लागतो, आणि इथे समितीलाही दोन शब्द सांगायला हवेत. समितीची गरज म्हणजे देवाचं पाचारण, असं आपोआप होत नाही. जागा रिकामी आहे, कुणी मिळत नाही, ताई नाही म्हणणार नाहीत, म्हणून त्यांना विचारू, असंही पुष्कळदा चालतं. ‘देवाने तुम्हाला बोलावलं आहे’ हे वाक्य वापरून माणसांकडून कामं करून घेणं हा देवाच्या नावाचा गैरवापर आहे. म्हणून नाही म्हणणं काही वेळा अगदी योग्य असतं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे आणि बघणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात, तर ती सेवाही प्रभूचीच आहे. तब्येत साथ देत नसेल, तर तसं स्पष्ट सांगावं. जीवनात एखादं पाप चालू आहे आणि ते अजून सोडलेलं नाही, तर आधी त्याचा निकाल लावावा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातल्या अटी शोभेसाठी नाहीत. पण लक्षात घ्या, या प्रत्येक नकाराला ठोस कारण आहे, आणि ते कारण दूर झालं की नकारही दूर होऊ शकतो. ‘माझी लायकी नाही’ हे कारण मात्र कधीच दूर होत नाही. आज आहे, दहा वर्षांनीही राहील. म्हणून त्यावर आधारलेल्या नकाराकडे मी अधिक काळजीने बघतो.

तुमच्या बाबतीत मला यजमानाचा आवाज ऐकू येतो असं मी म्हणेन, ते या कारणांनी: विचारणा एकाच माणसाची नाही, साऱ्या समितीची आहे. लोक आजारपणात तुम्हालाच बोलावतात, म्हणजे मंडळीने तुमच्यातलं देवाने दिलेलं दान आधीच ओळखलं आहे. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंत की संडे स्कूलमध्ये वचन उलगडताना तुम्हाला जो आनंद होतो तो दुसऱ्या कशात होत नाही. वचन, मंडळी आणि अंतःकरण ही तिन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील तर ते हलक्याने घेऊ नये. तरी हा निर्णय तुमचा आहे, माझा नाही.

नकाराचा धोका कशात आहे ते आता सांगतो, कारण तो मासा गिळण्यापेक्षा खरा आहे.

धोका बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या वाट्याला जातो. योना पळाला तेव्हा खलाशांचा जीव धोक्यात आला आणि त्यांना जहाजावरचा माल समुद्रात टाकावा लागला. मोशेने दुसऱ्याला पाठव म्हटलं, तेव्हा देवाने बोलायला त्याचा भाऊ अहरोन दिला. तो चांगला बोलणारा होता. पुढे मोशे सीनाय डोंगरावर असताना त्याच अहरोनाने लोकांच्या आग्रहाखातर सोन्याचं वासरू केलं, आणि विचारल्यावर म्हणाला, मी सोनं अग्नीत टाकलं आणि हे वासरू निघालं. मोशेच्या नकाराची ही शिक्षा होती असं शास्त्र म्हणत नाही, म्हणून मीही म्हणणार नाही. पण बोलता येणं आणि पाचारण असणं यांतला फरक त्या प्रसंगात लख्ख दिसतो. मंडळ्यांतही मी हेच पाहिलं आहे. संकोची, प्रार्थनाशील माणसं मागे राहिली की व्यासपीठ रिकामं राहत नाही. ज्याला माइक हवा असतो तो येतो, आणि मंडळी वर्षानुवर्षं त्याचं ऐकते.

दुसरा धोका कानाला आहे. पहिल्या नकाराच्या रात्री झोप लागत नाही. तुमची उडाली आहे, हे मी चांगलं लक्षण समजतो. पुढच्या नकारांना तेवढं दुखत नाही. मग माणूस प्रार्थनेत तो विषयच टाळू लागतो, आणि हळूहळू बाकीचे विषयही. त्यातच भोवतालचे लोक ‘किती नम्र आहेत’ म्हणून कौतुक करतात आणि ते कौतुक आवडायला लागतं. तिथे पोचलेल्या माणसाला परत आणणं फार कठीण जातं. गर्विष्ठ माणसाला निदान कुणीतरी कधी टोकतं. नम्र म्हणून नावाजलेल्याला कोण टोकणार?

आणि मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातला तो एकच तालांत, म्हणजे त्या काळची मोठी रक्कम, मिळालेला दास आठवा. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही. ‘मी भ्यालो’ म्हणाला आणि पैसा पुरून ठेवला. भ्याला का? धनी कठोर आहे अशी त्याची समजूत होती. धन्याने त्याच्याकडे, पाच तालांत मिळालेल्या दासासारखे, पाचांचे दहा मागितले नव्हते. तुम्हालाही कुणी मोठ्या शहरातल्या नामांकित वक्त्यासारखं बोला म्हणत नाही.

मग होकार नम्रतेने कसा द्यायचा? इथे मला ऑगस्टीनचं उदाहरण सगळ्यात उपयोगी वाटतं. इसवी सन ३९१ची गोष्ट. उत्तर आफ्रिकेतला हा विद्वान माणूस आपल्याला कुणी पकडून बिशप करेल म्हणून ज्या गावात बिशपची जागा रिकामी असेल तिथे जाणं टाळायचा. हिप्पो गावात वलेरियस नावाचे बिशप होते, म्हणून तिथे तो निर्धास्तपणे गेला. वलेरियस मूळचे ग्रीक भाषिक, लॅटिनमध्ये वचन सांगणं त्यांना जड जाई. आपल्याला एका याजकाची गरज आहे असं त्यांनी उपासनेत बोलून दाखवलं, आणि लोकांनी ऑगस्टीनला धरून पुढे नेलं. तो रडू लागला. बघणाऱ्यांतल्या काहींना वाटलं, एकदम बिशप केलं नाही म्हणून रडतोय, आणि त्यांनी तशी समजूतही घातली. त्याच्या रडण्याचं कारण अर्थातच वेगळं होतं. पण दीक्षा झाल्यावर तो पळाला नाही. त्याने वलेरियसना पत्र लिहून शास्त्राभ्यासासाठी ईस्टरपर्यंत सवड मागितली. मला काय येत नाही ते मला आता कळलं आहे, ते शिकायला वेळ द्या, असा त्या पत्राचा भाव आहे. नंतर ४३० साली मृत्यू येईपर्यंत तो त्याच मंडळीत राहिला.

ऑगस्टीनने सुटका मागितली नाही, सवड मागितली. त्याच्यानंतर दोनेक शतकांनी रोमचा बिशप ग्रेगरी याने पाळकाच्या कामावर ग्रंथ लिहिला. तोही ५९० साली बिशपपद टाळू पाहत होता, म्हणून त्याच्या बोलण्याला वजन आहे. त्याचं म्हणणं असं की खरा नम्र माणूस मनातून अधिकारापासून पळतो, आणि देवाची इच्छा स्पष्ट झाली की मन मागे ओढत असतानाही आज्ञा पाळतो. तो यशया आणि यिर्मया यांची जोडी देतो. एक ‘मला पाठव’ म्हणतो, दुसरा ‘मी बाळ आहे’ म्हणतो. दोघांनाही तो दोष देत नाही, कारण यशया आधी निखाऱ्याने शुद्ध झाला आणि यिर्मया शेवटी गेला.

आणि पळून परत आलेलेही आहेत. नाझियान्झसचा ग्रेगरी याला वडिलांनीच याजकपदाची दीक्षा दिली, तेव्हा तो घाबरून पाँटस प्रांतात मित्राकडे निघून गेला. ३६२च्या ईस्टरच्या सुमारास तो परतला आणि आपण का गेलो, का आलो, हे त्याने मंडळीला सविस्तर सांगितलं. पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये त्याला आजही मोठ्या आदराने ‘ईश्वरज्ञ’ म्हणतात.

तेव्हा समितीच्या पुढच्या बैठकीत असं उत्तर द्यावं, असं मी सुचवतो. होकार द्या, पण सवड मागा. लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या, काळापर्यंत तयारी आणि त्यानंतर सुरुवात, असं ठरवता येईल. दर महिन्याला पाळक येतील तेव्हा उपासनेनंतर त्यांनी तुमच्यासोबत बसून पुढच्या रविवारच्या वाचनांवर बोलावं, एवढी अट घाला आणि ती नोंदवून घ्या. मुदत ठरवा, एक वर्ष पुरेसं आहे. पाळकांनी मंडळीसमोर तुमच्यासाठी प्रार्थना करून तुम्हाला हे काम सोपवावं, म्हणजे ‘बाई स्वतःहून पुढे आल्या’ असं कुणी म्हणणार नाही आणि तुमच्याही मनात तो विचार येणार नाही. संदेश ऐकून खरं सांगेल अशी एक मैत्रीण किंवा एक वडील निवडा. वाहवा करणारे पुष्कळ भेटतील.

सुरुवातीला एकच उतारा घ्या, दहा मिनिटं बोला आणि थांबा. संडे स्कूलमध्ये जशा बोलता तशाच बोला. आणि एक गोष्ट अगदी पहिल्या दिवसापासून पाळा: व्यासपीठावर उभं राहून ‘मी काही बोलायला लायक नाही, तरी चार शब्द सांगते’ अशी सुरुवात करू नका. आपल्याकडे ती पद्धतच पडली आहे. त्याने लोकांचं लक्ष वचनावरून उठून तुमच्यावर जातं, आणि नेमकं तेच तुम्हाला नको आहे. तुमची अयोग्यता देवाला घरी, गुडघ्यांवर सांगा. मंडळीपुढे सरळ उतारा वाचायला घ्या.

वर्षभराने पाळकांसोबत बसून बघा. कदाचित असं दिसेल की तुमचं दान आजाऱ्यांच्या उशाशी जास्त फळतं आणि वचन सांगायला दुसरं कुणी तयार झालं आहे. तसं असेल तर तेव्हा निवांत मनाने बाजूला व्हा. करून पाहिल्यावर झालेला तो निर्णय असेल.

बैठक कधी आहे ते कळवा. पहिला संदेश लिहून काढलात तर मला पाठवा, मी वाचून कळवीन. आणि योना मात्र आज पूर्ण वाचाच, चौथ्या अध्यायासकट.